परवाना असला तरी बंदूक घरीच: रानवाटांविषयी वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरून रानवाटा मोकळ्या झाल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. या खेपेस पदभ्रमणाच्या वेळी शस्त्र बाळगण्याविषयी इतकी पत्रे आली की संपूर्ण सदर त्याच विषयाला देणे योग्य वाटले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळून केवळ गावांचा उल्लेख ठेवला आहे.

प्रश्न: आमचा गट दर हिवाळ्यात सांगे, काणकोण आणि धारबांदोडा या तालुक्यांतील डोंगरांत पदभ्रमण करतो. माझ्याकडे स्वसंरक्षणासाठी घेतलेले रिव्हॉल्व्हर असून त्याचा परवाना वैध आहे. मोले परिसरात अस्वल, बिबटा आणि गवा यांचा वावर असल्यामुळे, केवळ सुरक्षिततेसाठी आणि कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा रीतीने, ते पाठपिशवीत ठेवले तर कायद्याची हरकत आहे काय? (मडगाव)

उत्तर: हरकत आहे, आणि ती किरकोळ नाही. आपला परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ या कायद्याखाली मिळालेला आहे. शस्त्र खरेदी करण्याची आणि जवळ बाळगण्याची मुभा त्याने मिळते. परंतु आपण ज्या रानात जाऊ इच्छिता तेथे दुसरा कायदा लागू होतो, तो म्हणजे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. त्याच्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा त्यासाठी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कोणालाही अभयारण्यात शस्त्रासह प्रवेश करता येत नाही, आणि हेच कलम राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे. परवानाधारकाला यातून सूट दिलेली नाही. शस्त्र उघडे आहे की पिशवीत, भरलेले आहे की रिकामे, असा भेदही हे कलम करीत नाही.

मोलेचे राष्ट्रीय उद्यान सुमारे १०७ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याला वेढणारे भगवान महावीर अभयारण्य धरल्यास हे संरक्षित क्षेत्र सुमारे २४० चौरस किलोमीटर होते. दूधसागरची वाट आणि तांबडी सुर्लाचे महादेवाचे मंदिर याच क्षेत्रात येतात. आपण उल्लेखिलेल्या इतर तालुक्यांत नेत्रावळी आणि खोतीगाव ही अभयारण्ये आहेत. म्हणजे आपल्या गटाच्या नेहमीच्या वाटांपैकी बहुतेक वाटा कलम ३१ च्या कक्षेत असणार, असे समजूनच चालावे.

नियम मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पूर्वी दंडाची कमाल मर्यादा २५,००० रुपये होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती वाढली आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. याखेरीज ज्या शस्त्राने गुन्हा घडला त्याचा परवाना रद्द करण्याचा आणि दोषी व्यक्तीस पाच वर्षे नवा परवाना मिळू न देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

शिक्षेपेक्षाही महत्त्वाची अशी एक गोष्ट आहे, आणि आलेल्या पत्रांपैकी एकाही पत्रात तिचा उल्लेख नसल्यामुळे ती येथे विस्ताराने सांगतो. याच कायद्याचे कलम ११ असे म्हणते की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने एखाद्या वन्य प्राण्याला ठार केले किंवा जखमी केले तर तो गुन्हा ठरत नाही. आपल्यासारखे अनेक परवानाधारक याच तरतुदीच्या भरवशावर असतात. परंतु तिच्या पाठोपाठच एक परंतुक आहे: बचाव करण्याची वेळ आली त्या क्षणी ती व्यक्ती याच कायद्यातील एखाद्या तरतुदीचा भंग करीत असेल, तर तिला ही सूट मिळत नाही. आता आपले उदाहरण घेऊ. आपण परवानगीविना रिव्हॉल्व्हर घेऊन अभयारण्यात शिरलात, वाटेत अस्वल अंगावर आले आणि आपण खरोखरच प्राण वाचवण्यासाठी गोळी झाडली. तरीही प्रवेश केल्या क्षणापासून आपण कलम ३१ चा भंग करीतच होता, म्हणून कलम ११ चे संरक्षण आपल्याला मिळणे कठीण होईल. तेच अस्वल काठीच्या फटक्याने जखमी झाले असते, तर प्रवेशाचे तिकीट काढून वाटेने चाललेल्या पदयात्रीला कायद्याचा आधार मिळाला असता. ज्या शस्त्रावर विसंबून आपण रानात निघालात, तेच आपले कायदेशीर कवच काढून घेते. त्यातही अभयारण्यात केलेल्या शिकारीची शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत असून दंड किमान २५,००० रुपये आहे, आणि जनावर मारण्याचा नुसता प्रयत्नही कायद्याने शिकारच मानला जातो.

परवानगीसाठी अर्ज करण्याची वाट कायद्याने बंद केलेली नाही. मात्र अभयारण्यातील प्रवेशपत्रासाठी कायद्याने जी कारणे सांगितली आहेत ती वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन आणि आतील रहिवाशांशी असलेले कायदेशीर कामकाज ही आहेत. हौशी पदभ्रमणासाठी कोणता अधिकारी रिव्हॉल्व्हरची परवानगी देईल, असे आम्हाला वाटत नाही. व्यवहाराच्या दृष्टीनेही त्याचा उपयोग शून्य आहे. गोव्याचा राज्यप्राणी असलेला पूर्ण वाढीचा नर गवा कित्येकदा ८००-९०० किलोंचा भरतो. त्याला रिव्हॉल्व्हरची गोळी लागली तर तो पडण्याऐवजी चवताळण्याचीच शक्यता अधिक, आणि मग मागे चालणाऱ्या आपल्या मित्रांचे काय होईल याचा विचार करावा.

प्रश्न: आमचे घर आणि काजूची बागायत म्हादई अभयारण्यात समाविष्ट झालेल्या गावात आहे. पिकाच्या रक्षणासाठी वडिलांच्या नावावर एकनळी बंदुकीचा परवाना असून बंदूक घरात आहे. रात्री रानडुकरे येतात. घरापासून बागायतीपर्यंतची पायवाट रानातून जाते, म्हणून बंदूक खांद्याला लावून जावे लागते. आम्ही पर्यटक नाही, पिढ्यान्‌पिढ्या येथे राहणारे आहोत. आम्हालाही हा नियम लागू होतो का? (सत्तरी)

उत्तर: तुमची अडचण खरी आहे आणि वरच्या पत्रापेक्षा तिचे स्वरूप अगदी निराळे आहे, तरीही उत्तर होकारार्थी द्यावे लागते. अभयारण्यात राहण्यासाठी व ये-जा करण्यासाठी तेथील रहिवाशांना आणि जमीनधारकांना कायद्याने मोकळीक दिली आहे, परंतु ती प्रवेशापुरती आहे. शस्त्राविषयीच्या कलमात ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत आणि रहिवाशांना त्यातून वगळलेले नाही. तेव्हा घर ते बागायत या वाटेवर बंदूक नेण्यासाठी लेखी परवानगी घेणे हाच सुरक्षित मार्ग आहे. अर्जात परवान्याचा तपशील, जमिनीचा सर्व्हे क्रमांक आणि ये-जा करण्याची वाट स्पष्ट लिहावी, आणि अर्ज पोहोचल्याची सही-शिक्क्याची प्रत घरात जपून ठेवावी.

आणखी दोन बाबी तपासून घ्या. पहिली बाब कलम ३४ ची. एखादे क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, त्या क्षेत्रात किंवा त्याच्या १० किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या प्रत्येक शस्त्र परवानाधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नावाची नोंदणी करणे बंधनकारक आहे. म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्ये १९९९ साली घोषित झाली. त्या वेळी वडिलांनी नोंदणी केली होती किंवा नाही, याचा कागद शोधून ठेवा. सापडत नसेल तर स्वतःहून वनकार्यालयात जाऊन चौकशी करणे हे चौकशी तुमच्या दारी येण्यापेक्षा बरे. याच कलमानुसार १० किलोमीटरच्या परिघात नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. ही तरतूद फक्त डोंगरातल्या लोकांसाठी आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचे असले, तरी पणजी शहर त्याच्या १० किलोमीटरच्या आत येते.

दुसरी बाब परवान्याची. परवाना व्यक्तीच्या नावावर असतो, घराच्या नव्हे. वडिलांच्या बंदुकीला तुम्ही हात लावून ती बागायतीत नेता, तेव्हा अभयारण्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तुम्ही विनापरवाना शस्त्र बाळगणारे ठरू शकता. वारसदाराच्या नावाने परवाना मिळण्याची सोय शस्त्र नियम, २०१६ मध्ये आहे. त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात वेळेवर अर्ज करावा.

पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना, हा समज सत्तरी, सांगे आणि काणकोण या भागांत अजूनही घट्ट आहे. तो चुकीचा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, आणि उभ्या पिकाला धोकादायक ठरलेले रानडुक्कर मारायचे असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याचा कारणांसह दिलेला लेखी आदेश लागतो. जिवे मारण्याचा हेतू नसेल आणि केवळ आवाजाने हुसकावायचे असेल तरी अभयारण्यात सुतळी बॉम्बचा वापर करण्यापूर्वी वनकार्यालयाला विचारावे, कारण शस्त्राच्या व्याख्येत स्फोटके आहेत, विषही आहे. २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यातील गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मृत्युमुखी पडलेले आढळले. त्यापूर्वी त्या भागात गुरे मारली गेली होती. गुरे आणि पीक गमावणाऱ्या माणसाला नुकसानभरपाई लवकर आणि पुरेशी मिळत नाही, ही तक्रार रास्त आहे आणि तिची जबाबदारी शासनाचीच आहे. परंतु त्यावर काडतुसाने किंवा विषाने काढलेला उपाय शेवटी शेतकऱ्यालाच कोठडीत नेतो.

प्रश्न: मुलाला वाढदिवसानिमित्त एअरगन घेऊन दिली आहे. दुकानदाराने परवाना लागत नाही असे सांगितले. बोंडल्याच्या सहलीला ती बरोबर नेली तर चालेल काय? (फोंडा)

उत्तर: नेऊ नये. दुकानदाराचे म्हणणे एका मर्यादेत बरोबर आहे: शस्त्र नियम, २०१६ नुसार ज्या एअरगनची नळी ०.१७७ इंचापेक्षा, म्हणजे साधारण ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नाही आणि जिची मारक ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक नाही, तिला परवाना लागत नाही. परंतु वन्यजीव कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत प्राण्याला इजा करू शकणारे कोणतेही साधन येते. त्यामुळे परवानामुक्त एअरगनही अभयारण्याच्या दारात शस्त्रच ठरते. मुलाच्या खिशातील गलोलीलाही तोच न्याय लागू होईल. बोंडला हे केवळ आठ चौरस किलोमीटरचे असले तरी ते अभयारण्यच आहे. अभयारण्याबाहेर, घरामागच्या कुळागरातसुद्धा, त्या एअरगनने बुलबुल किंवा धनेश टिपणे ही शिकारच होय, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

प्रश्न: आम्ही तरुणांना घेऊन निसर्गभ्रमंती आयोजित करतो. वाटेतील काटेरी झुडपे तोडायला कोयता आणि फळे कापायला सुरी बरोबर असते. यांनाही शस्त्र म्हणणार काय? (डिचोली)

उत्तर: शस्त्र अधिनियमाच्या दृष्टीने पाहिले तर नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे नियमनाच्या कक्षेत येऊ शकतात, पण घरगुती आणि शेतीच्या वापराची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. वन्यजीव कायदा अधिक कडक आहे. त्याच्या व्याख्येत बंदूक, दारूगोळा, धनुष्यबाण, जाळी, फास आणि सापळे यांच्याबरोबर सुऱ्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. फळे कापण्याच्या सुरीसाठी कोणी खटला भरील असे नाही, परंतु नाक्यावरील वनरक्षकाने ती ठेवून घेतली तर त्याच्याशी हुज्जत घालायला आपल्या बाजूने कायदा नाही. कोयता मात्र नेऊच नये. अभयारण्यातील झुडपे तोडणे हाच मुळात स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो, आणि ज्या वाटेवर झाडोरा तोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही ती वाट आयोजकाने मंडळींसाठी निवडू नये.

प्रश्न: माझा भाचा अमेरिकेत असतो. तेथे राष्ट्रीय उद्यानांत पदभ्रमण करताना पिस्तूल बाळगता येते असे तो सांगतो. नाताळात तो गोव्यात येईल तेव्हा मोलेला जाण्याचा बेत आहे. तेथे चालते ते येथे का चालू नये? (म्हापसा)

उत्तर: भाचा सांगतो ते खरे आहे, पण अर्धे. पूर्वी अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत बंदूक रिकामी करून आणि बांधून ठेवावी लागे. २००९ मध्ये तेथील संसदेने क्रेडिट कार्डांविषयीच्या एका कायद्याला जोडून ही तरतूद बदलली आणि २२ फेब्रुवारी २०१० पासून, ते उद्यान ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या कायद्यानुसार शस्त्र बाळगण्याची मुभा मिळाली. म्हणजे सर्व उद्यानांना सरसकट एकच नियम नाही. उद्यान दोन राज्यांत पसरलेले असेल तर वाट एका राज्यातून दुसऱ्यात शिरताच नियमही बदलू शकतो. माहिती केंद्रे आणि वनरक्षकांची कार्यालये अशा केंद्र सरकारी इमारतींत शस्त्र नेण्यास तेथेही मनाई आहे, आणि बाळगण्याची मुभा म्हणजे गोळी झाडण्याची मुभा नव्हे.

तेथे शस्त्र बाळगणे हा राज्यघटनेने मान्य केलेला हक्क आहे. आपल्याकडे तो हक्क नसून परवान्याने मिळणारी सवलत आहे, आणि ती सवलतही २०१९ च्या दुरुस्तीने आवळली: एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. परवान्याची मुदत मात्र तीनऐवजी पाच वर्षे झाली. भाच्याचा अमेरिकेतील परवाना भारतात कागदाच्या तुकड्याइतकाच उपयोगी आहे. त्याने पिस्तूल तर आणू नयेच, पण सामान भरण्यापूर्वी पाठपिशवीचे सगळे कप्पे उलटे करून पाहावेत; शिकारीच्या किंवा नेमबाजीच्या पिशवीत विसरलेले एखादे काडतूस विमानतळावर सापडले तर सुटी पोलीस ठाण्यात जाईल.

प्रश्न: माझा परवाना बेळगाव जिल्ह्यात दिलेला आहे. चोर्ला घाटातून सुर्ल्याकडे पायी उतरायचा विचार आहे. अभयारण्याची हद्द टाळली तर बंदूक जवळ ठेवता येईल काय? (मूळचे बेळगाव, सध्या वास्तव्य पर्वरी)

उत्तर: प्रथम परवान्यावर त्याचे क्षेत्र कोणते लिहिले आहे ते पाहावे. परवाना जिल्ह्यापुरता किंवा राज्यापुरता असेल तर गोव्याच्या हद्दीत पाऊल टाकताच तो निरुपयोगी होतो. क्षेत्र संपूर्ण भारत असेल तरीही ‘हद्द टाळली तर’ हे म्हणणे त्या भागात फारसे व्यवहार्य नाही: घाटाच्या गोव्याच्या बाजूला म्हादई अभयारण्य आहे, कर्नाटकाच्या बाजूला भीमगड अभयारण्य आहे, आणि जंगलात प्रत्येक वळणावर हद्दीचा दगड नसतो. हद्द ठाऊक नव्हती हा बचाव परवानाधारकाच्या तोंडी शोभणार नाही.

अभयारण्याबाहेरच्या डोंगरावर किंवा रस्त्यावरही शस्त्र नेण्याची रीत ठरलेली आहे. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल अथवा रिव्हॉल्व्हर म्यानात आणि बंदूक तिच्या खास आवरणात, पूर्णपणे झाकलेली आणि धारकाच्या ताब्यात असावी लागते. ती परजणे निषिद्ध आहे. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा आणि शाळा-महाविद्यालयाचे आवार येथे जिल्हाधिकाऱ्यांच्या खास परवानगीशिवाय शस्त्र नेऊ नये, ही परवान्याचीच अट आहे. पदभ्रमणाचा शेवट एखाद्या देवळाच्या जत्रेत करण्याची आपल्याकडील मंडळींची सवय पाहता, ही अट मुद्दाम लक्षात आणून देतो. निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात, तेव्हा तर प्रश्नच उरत नाही.

प्रश्न: नेत्रावळीत मुक्कामी असताना रात्री रानातून बंदुकीचे आवाज आले आणि दुसऱ्या दिवशी पायवाटेवर काडतूस पडलेले दिसले. काय करायला हवे होते? (वास्को)

उत्तर: रात्री आवाजाच्या दिशेने जायचे नाही. प्रकाशझोत टाकून शिकार करणारी माणसे हालचाल दिसेल तिकडे नेम धरतात आणि शिकारीला गेलेल्यालाच साथीदाराची गोळी लागल्याच्या घटना गोव्यात घडलेल्या आहेत. दिवा लावून, मोठ्याने बोलत मुक्कामाच्या जागीच थांबावे, वेळ आणि दिशा लिहून ठेवावी आणि ११२ या क्रमांकावर अथवा नजीकच्या वनकार्यालयात कळवावे. संशयिताची झडती घेण्याचा आणि त्याला अटक करण्याचा अधिकार कायद्याने वनाधिकारी व पोलिसांना दिला आहे, पदयात्रींना नाही.

काडतूस उचलू नये, मग ते जिवंत असो वा झाडलेले. जिवंत काडतूस विनापरवाना जवळ ठेवणे हा शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे, अभयारण्यात तर दारूगोळाही शस्त्रातच गणला जातो, आणि झाडलेले रिकामे काडतूस तपासाच्या दृष्टीने पुरावा असते. जागेचे छायाचित्र घ्यावे, शेजारी ओळखता येईल अशी खूण ठेवावी आणि परतताना नाक्यावरील वनरक्षकाला ती जागा सांगावी. शक्य असल्यास त्याच्याबरोबर जाऊन दाखवावी.